पिंपळाखालची लक्ष्मी

द्वारका चौकातून पंचवटीकडे निघालेल्या सिटी बसमध्ये मनालीच्या पुढच्या सीटवर दोघी शेजारणी बोलत होत्या. एक वाक्य कानावर पडलं आणि मनालीने इअरफोन काढून ठेवले.

"कॉलनीची बाग आम्ही सगळी साफ केली हो साळूताई, पण देवांना हात कोण लावणार?"

"कुठले देव गं, स्नेहल?"

"पिंपळाखालचे. काच फुटलेले, वाळवी लागलेले फोटो. घरात नकोत, कचऱ्यात टाकवत नाहीत, म्हणून कॉलनीने तिथे नेऊन ठेवलेले. गाजरगवत उपटायला सगळे पुढे, पण पिंपळाशी आले की हात जोडून मागे!"

"मग?"

"सफाईचं बघणारे दीपकभाऊ म्हणाले, ज्याने त्याने आपापला घेऊन जावा, कोणी विचारणार नाही. आणि खरंच, रोज सकाळी दोन-चार कमी!"

"कोण नेतं, कळलं का?"

"कोणी बघतच नाही. मुद्दाम. आता एकच उरलीये, लक्ष्मी. उद्या तिथे झोके बसवायचेत, पोरं नुसती उड्या मारतायत."

"फ्रेमचा कोपरा जळलाय?"

"हो, निरांजनाने जळाल्यासारखा. तुम्ही कधी बघितलात?"

बस थांबली तशी साळूताई उठल्या.

"अहो, आपला स्टॉप पुढचा!"

"बागेवरून चालत जाते. एखादी मोठी पिशवी आहे का गं तुझ्याकडे?"

स्नेहलने पिशवीतली मेथी मांडीवर काढून घेतली, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मनालीनेही मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली.