तालमीतले साहेब आणि खरे साहेब

अहो, निवृत्तीनंतर मी एक दिवस डॉक्टरही झाले, ते ऐका. शहापूरला परिचारिकांचे प्रशिक्षण होते. सहकारी अडचणीत असेल, तर डॉक्टरसाहेबांपुढे तिची बाजू कशी मांडावी, याची तालीम चालली होती. साहेबांची भूमिका मला मिळाली; परिचारिकांना शिकवून शिकवून दरारा माझ्याजवळ तयारच होता.

पुढे आली धसईकडची मंदा सिस्टर, माझी जुनी विद्यार्थिनी. तिने खराच प्रसंग निवडला. तिच्या हाताखालची नवी सिस्टर प्रसूतिकक्षात एकटीच राबत होती आणि राजीनाम्यापर्यंत आली होती.

"सर, तिला जोडीला कोणीतरी द्या."

"माणसे नाहीत. खाली बसा!"

"होय, बाई," म्हणून मंदा बसलीसुद्धा! सगळ्या खळखळून हसल्या.

"मंदा, मी येथे बाई नाही. ऊठ. ती पोरगी नोकरी सोडून गेली, तर चालेल तुला?"

मंदा ताडकन उठली. "नाय चालनार! दोन बाया एकदम अडल्या, तर ती कोनाकडं धावंल, सर?"

तेवढ्यात मागे बसून तालीम पाहणारे तिच्या केंद्राचे खरे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पुढच्या महिन्यात बघतो."

मंदा गर्रकन त्यांच्याकडे वळली. "पुढच्या महिन्यापत्तुर ती ऱ्हायली पायजे ना, सर! आजच बघा."

"लावतो, सिस्टर, जिल्हा कार्यालयाला आत्ताच लावतो फोन!"