बटणांच्या खाली

— म्हणजे आवाज नको, एवढंच ना? होईल. आई त्याच खोलीत झोपतात आणि तुमचं सगळं काम टायपिंगचं, दिवसभर त्यांच्या उशाशी टकटक टकटक — कळलं मला. बसा ना ताई, उभ्या का? ते स्टूल जरा लंगडं आहे, भिंतीला टेकवून घ्या. हे बघा, आधी या टोप्या काढायच्या. आपण बटण म्हणतो, पण ही नुसती टोपी, खरं बटण खाली. हा तारेचा चिमटा दोन्ही बाजूंनी घालायचा आणि सरळ वर — असं. तिरकं ओढलं की मोडलीच समजा. प्रत्येकाच्या पोटात एक स्प्रिंग असते, तुमच्या फार कडक आहेत, अंगठा दुखणार नाही तर काय. हलक्या घालतो, टोप्यांखाली रबराच्या चकत्या बसवतो, थोडं ग्रीस. आणि रंग राखाडीच ठेवायचा की — हिरवा? बरं, हिरव्या आहेत माझ्याकडे. हसत नाहीये हो. मधे तुमचं नोकरीचं जमत आलं होतं, ते फिसकटलं, म्हणून म्हटलंत निदान कीबोर्ड तरी मनासारखा करून घ्यावा — बरोबरच आहे. काहीतरी मनासारखं लागतंच माणसाला.

आता उलटा करू. चार स्क्रू कोपऱ्यात आणि पाचवा या स्टिकरखाली लपवलेला, कंपन्यांची ही जुनी खोड. पण तुमचा स्टिकर आधीच कुणीतरी उचललाय. आधी उघडला होता का हा? — दादाने. साफ करून आणतो म्हणाला आणि घेऊन गेला. कुठे दिला होता ते विचारलं नाहीत. नाही, सहज विचारलं. स्टिकरखाली पेन्सिलीने काहीतरी खूण आहे, दुकानदार करतात अशा खुणा, आपलं काम ओळखू यावं म्हणून. सगळेच करतात.

ताई, असं करू या का — आज ठेवून जा. परवा या. चकत्या पुरतील की नाही ते बघायला हवं, आणि एकदा उघडला की वेळ लागतो, तुम्ही कशाला ताटकळत बसताय? समोर चहा चांगला मिळतो. नाही? बघायचंच आहे आतून? आतून बघण्यासारखं काही नसतं हो, धूळ, केस, बिस्किटाचा चुरा. माणसाला स्वतःचीच लाज वाटते. उद्या तरी? — बरं, बसा. बसा. माझं काय जातंय. मी फक्त टोप्या बदलतो आज, उघडायलाच नको, टोप्यांनीसुद्धा आवाज पुष्कळ कमी होतो. निम्मा तरी होतोच. आणि तसंही आता घरीच वापरणार ना तुम्ही, ग्रंथालयात न्यायचा असता तर गोष्ट वेगळी, तिथे टाचणी पडली तरी माना वळतात —

काय?

तुम्हीच म्हणालात की मघाशी. नोकरी, ग्रंथालयातली. नाही? नोकरी एवढंच म्हणालात? मग मी आपला अंदाज — टायपिंगचं काम, शांत स्वभाव, ग्रंथालय सुचतं की नाही? कुणालाही सुचेल. ताई, असं बघू नका. तो स्क्रूड्रायव्हर ठेवा खाली. घसरला तर आतली पट्टी ओरखडेल. द्या इकडे. द्या, उघडतो मी. उघडतो म्हटलं ना.

हं. ही पाहा मुख्य पट्टी. आणि ही केबल आत येते तिथे, ही नखाएवढी, काळी चिप — ही कंपनीची नाही. तुम्ही जे टाइप करता ते आधी हिच्यात जातं, मग कॉम्प्युटरमध्ये. शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलं की वाचता येतं. एकेक अक्षर. खोडलेलंसुद्धा. केबलला सोल्डरचा डाग दिलाय तो माझाच आहे. खूणही माझीच. या भागात हे काम करणारा मी एकटाच आहे, ताई, तुम्ही दुसरीकडे जाणार तरी कुठे होतात. कीबोर्ड ओळखला नाही मी, असले दहा येतात. स्टिकर उचललेला दिसला तेव्हा कळलं.

अडीच महिने झाले. तुमचा दादा आला, चांगला माणूस वाटला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. म्हणाला, धाकटी बहीण आहे, मनाने खचलीये, कुणाशी बोलत नाही, रात्रंदिवस काहीतरी लिहीत असते, जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी भीती वाटते. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आता तुम्ही सांगा, बहिणीसाठी रडणाऱ्या माणसाला काय नाही म्हणणार? म्हणायला हवं होतं. मलाही बहीण आहे. धाकटीच. घर सोडून गेली तेव्हा तिच्या मैत्रिणीला आलेलं पत्र मी फोडलं, पत्ता काढला, जाऊन तिला हाताला धरून घेऊन आलो. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. आठ वर्षं झाली, एक शब्द बोललेली नाही माझ्याशी. जेवायला वाढते, पण बोलत नाही. तरीसुद्धा तुमच्या दादाचं ऐकताना मला वाटलं की हा माझ्यासारखाच आहे. म्हणूनच केलं. आणि म्हणूनच करायला नको होतं, नाही का.

नाही, एवढंच नाही. थांबा, सांगतो. पंधरा दिवसांनी तो परत आला. लॅपटॉपमध्ये सगळं साठतंय, पण उघडत नाही म्हणाला. इथेच, या टेबलावर मी त्याला ते चालू करून दिलं. चाललंय की नाही ते बघायला पहिलं पान उघडलं आणि वाचलं. तुम्ही ग्रंथालयाला लिहिलेलं पत्र होतं. मी एकटी येईन, राहायची सोय झाली तर बरं, आणि — कृपया घरच्या नंबरवर फोन करू नये. त्यात मरणाबिरणाचं काही नव्हतं. कामाची माहिती विचारणाऱ्या, नीट शहाण्या बाईचं पत्र होतं ते. मी वाचलं, त्याने वाचलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने लॅपटॉप मिटला. आणि मी म्हटलं, अजून काही अडचण आली तर या.

तुम्हाला वाटलं असेल, ग्रंथालयाने नकार का दिला, आपल्यात काय कमी होतं. कमी काही नव्हतं. फोन गेला असणार कुणाचातरी. मी बघितलेलं नाही, पण मला तसं वाटतं.

कुणाला लावताय? ताई, नको. त्याला नको, मी काय बोलणार त्याच्याशी — तुम्ही बोला ना, तुमचा भाऊ आहे. वाजतोय. अहो, माझ्या कानाला कशाला —

हॅलो. हो साहेब. नाही, ताई नाहीत, मी बोलतोय, कीबोर्डवाला. हो, त्यांच्याच फोनवरून. समोर बसल्यात. हो, उघडला. नाही साहेब, कंपनीचाच भाग आहे असं नाही सांगता येणार, सांगून झालं माझं. सगळं. पत्राचंही. हो, कळतंय मला. दुकानाचं जे व्हायचं ते होईल. एक विचारू — ग्रंथालयात तुम्ही फोन केला होता का? फक्त हो की नाही ते सांगा. काळजीपोटी, ते कळलं. म्हणजे हो.

ठेवला त्यांनी.

हं, घ्या फोन. ऐकलंतच. पाणी हवंय का? नको. ही काळी चिप काढून टाकू? — नाही, तशीच राहू दे म्हणता. बरं. कशाला ते विचारत नाही. कागद द्या, कुणी आणून दिलं, कुणी बसवलं, केव्हा, सगळं लिहून देतो आणि खाली सही करतो. ग्रंथालयाला दाखवा, पोलिसांना दाखवा, आईंना दाखवा, तुमचं तुम्ही ठरवा. कुठे बोलवलंत तर येईन.

हा घ्या कागद, आणि हा कीबोर्ड. माफी वगैरे मागत नाही मी, ती तुम्ही ऐकून घ्यावी असं काही केलेलं नाही मी. जा तुम्ही आता. माझ्याशी बोलायला हवंच असं नाही, ताई. जा.