आरतीला कोण कोण होतं?

वहिनी, मुलांनो, खात्यातले माझे जुने सोबती, आणि अमडापूरकडच्या गावांतून जीप करून आलेली सगळी मंडळी... माझं नाव पुकारलं तेव्हा उठावंसं वाटत नव्हतं. शोकसभेत बोलायची मला सवय नाही.

धाड गावचा आठवडी बाजार होता. मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. एसटीला वेळ होता, भूक लागली होती. परातीतल्या भज्यांकडे मी हात केला, तर शेजारचा किडकिडीत माणूस म्हणाला, "मॅडम, थांबा. नवा घाणा निघू द्या."

भजीवाला तापला. "काऊन बे, मायं गिऱ्हाईक तोडतं का?"

"तोडत नाही, टिकवून राह्यलो. पुढच्या बाजाराले बी याले पायजे ना त्या."

तिघेही हसलो. ते आपले प्रल्हादभाऊ इंगळे, आरोग्य सहाय्यक. जेवणातून विषबाधा झाली की गावात पोहोचायचं, कोणी काय खाल्लं ते घरोघर विचारायचं, आणि जंतू कुठून आला ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यांनी पाठवलेले नमुने मी तपासायचे. बावीस वर्षं आम्ही असं काम केलं.

त्यातलं एकच प्रकरण आज सांगते. गावाचं नाव घेत नाही, गावची माणसं इथे बसली आहेत.

शाळेत दुपारी खिचडी वाढली. मुलांचं जेवण उरकतं न उरकतं तोच उलट्या सुरू झाल्या. तीसेक मुलं दवाखान्यात. सगळी बरी झाली, देवाची कृपा. पण संध्याकाळपर्यंत गावाने ठरवून टाकलं होतं: खिचडी कांताबाईंनी शिजवली, म्हणजे दोष कांताबाईंचा. कोणी म्हणालं, हात धूत नाही. कोणी त्याहून वाईट बोललं. ते मी इथे उच्चारणार नाही.

प्रल्हादभाऊ म्हणाले, "घास पोटात गेला अन् लगेच उलटी? जंतू हाय का जादूगार? त्याले एसटीइतका तरी टाइम लागते."

त्या सकाळी मंदिरात सप्ताहाची समाप्ती होती. प्रसादाची दुधातली तांदळाची खीर पहाटेच करून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवली होती. आरतीला आलेली मुलं ती खाऊन शाळेत गेली होती. पण हे सांगणार कोण? एक आजी तर त्यांच्यावर धावून आल्या. "परसादाले नाव ठेवतं का रे? जीभ झडन तुही!"

"नाव नाही ठेवत, आजी. आरतीले कोण कोण होतं, तेवढं सांगा."

"आमचं अख्खं घर होतं! नातवानं तं झांजा वाजवल्या."

मंडळी, ही त्यांची काम करायची रीत. खीर खाल्ली का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आरतीला होतो, असं कोणीही अभिमानाने सांगतं. आरतीला होती ती मुलं आजारी होती. वरच्या वस्तीची मुलं आरतीला नव्हती, त्यांनी पोटभर खिचडी खाल्ली होती, आणि ती ठणठणीत होती. एका मुलीने खिचडीला हातही लावला नव्हता, पण आरतीला होती. तिलाही उलट्या झाल्या होत्या.

आणि मी काय केलं? गावाने परस्पर पाठवलेला खिचडीचा डबा माझ्याकडे आला तो भर उन्हात, एसटीतून, बर्फाशिवाय. अशा डब्यात वाटेतच जंतू वाढतात. मला हे माहीत होतं. तरी मी लिहिलं, 'खिचडीत जंतू आढळले.' डबा कसा आला, ते लिहिलं नाही. त्या एका ओळीवर कांताबाईंचं काम गेलं.

प्रल्हादभाऊ लॅबमध्ये आले. "मॅडम, डब्यात बर्फ होता का?" मी नाही म्हणाले. ते रागावले नाहीत. एका घरी पाहुण्यासाठी खिरीची वाटी फ्रिजमध्ये ठेवली होती, ती त्यांनी बर्फात घालून आणून दिली. जे जंतू मुलांच्या उलटीत, तेच खिरीत. मी दुसरा अहवाल लिहिला. तो फाइलला लागला.

मग ते म्हणाले, "ग्रामसभेत तुम्ही येऊन सांगा. मायं कोण ऐकते?"

मी म्हणाले, नियमात बसत नाही. खरं म्हणजे मी घाबरले. ते एकटे गेले. लोकांनी त्यांना बोलू दिलं नाही. कांताबाई त्यानंतर दुसऱ्यांच्या वावरात निंदणीला जात राहिल्या. मी नन्सच्या शाळेत शिकले. चूक कबूल करावी, हे त्यांनी मनावर बिंबवलं होतं. मी कबूल केली, पण फाइलमध्ये. माणसांसमोर नाही.

आज करते. कांताबाईंच्या खिचडीत दोष नव्हता. दोष माझ्या अहवालात होता. प्रल्हादभाऊंनी हे मला पुन्हा कधी ऐकवलं नाही. भेटले की एवढंच विचारायचे, "मॅडम, बऱ्या हाय ना?" तेच जास्त लागतं.

प्रल्हादभाऊ, तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार. आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. नंतर लगेच पांगू नका. वहिनींनी प्रल्हादभाऊंच्या काही वस्तू कोणाला द्यायच्या ते मला सांगायला सांगितलं आहे.

त्यांच्या घरोघरच्या नोंदींच्या वह्या उपकेंद्रातल्या नव्या सेविकेला. वाचताना अडलं तर माझ्याकडे ये, बाळ, त्यांचं अक्षर मला लागतं. त्यांची छत्री आणि खांद्याची पिशवी थोरल्या मुलाला. मनगटी घड्याळ मुलीला. आणि माझ्याकडून दुसऱ्या अहवालाच्या या दोन प्रती, रीतसर अर्ज करून घेतलेल्या. एक ग्रामपंचायतीसाठी आहे, ती येत्या ग्रामसभेत मी स्वतः वाचणार आहे. दुसरी कांताबाईंना.

त्या मागे, दाराजवळ बसल्या आहेत. त्यांना पुढे यायला वाट द्या.