डाव्या हाताचा खटला

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय महादेवरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती श्रीयुत देवमन व सौ. ललिताबाई, पहिल्या रांगेत बसलेल्या ललिताबाईंच्या मातोश्री पार्बताबाई, त्यांच्या मांडीवरून निसटण्याच्या खटपटीत असलेली नात चिरंजीव संघमित्रा ऊर्फ मित्रा, आणि मूर्तिजापूरच्या रसिक बंधुभगिनींनो,

आपल्या तंबूतील सिनेमाचे यंत्रचालक देवमन उद्या अमरावतीच्या नव्या, पक्क्या चित्रगृहात रुजू होत आहेत. त्यांच्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की पडद्यावर झळकणाऱ्या त्यांच्या काचेवरच्या सूचना मी वर्षानुवर्षे शुद्ध करून दिल्या. 'मधंतर' पाहून मी एकदा उभाच राहिलो, तेव्हा हे म्हणाले, "गुरुजी, लोकं त्या टायमाले चहा पेतात, वाचते कोन?" तरीही दुसऱ्या दिवशी 'मध्यंतर' असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. अशा माणसास निरोप देताना कंठ दाटून यावा. पण मला सकाळपासून हसू आवरत नाही. पार्बताबाई, आपण उठू नये. सत्यकथनास अध्यक्षांची अनुमती आहे.

सभाजनहो, आपल्या तंबूचा पडदा पातळ कापडाचा. चित्र मागूनही दिसते, परंतु उलटे. मागे राजा डाव्या हाताने तलवार उपसतो, नायिका डाव्या हाताने आसवे पुसते आणि अक्षरेही उलटी दिसतात. त्यामुळे तिकडे बसण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. देवमन यांची खोली नेमकी पडद्यामागे. तान्ह्या मित्रेला मांडीवर घेऊन ललिताबाई रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसत.

मित्रा दीड वर्षाची झाली आणि डाव्या हाताने भाकरीला झोंबू लागली. बाळंतपणासाठी बार्शीटाकळीहून आलेल्या आणि नातीच्या मायेने येथेच राहिलेल्या पार्बताबाईंनी तत्काळ निकाल दिला:

"जवाईबुवा, तुमच्या या उलट्या चादरीनं पोरगी डावखोरी करून टाकली! आता एक त मशीन ठेवा, नायतर पोरगी. मी लेकीले अन् नातीले घेऊन चालली बार्शीटाकळीले!"

"आत्याबाई, मशीन सोडली तं खाऊ काय?"

"जिनात जा, कापूस उचला!"

मित्रेच्या डाव्या हाताला चिंधी गुंडाळली गेली. पोर हंबरडा फोडी, आणि देवमन खरोखरच कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम विचारून आले. ज्याच्या बोटांत यंत्राचा प्राण, तो माणूस रुईच्या ढिगात! तेव्हा महादेवरावजी आणि मी, आम्ही दोघांनी हा खटला चालवावयास घेतला. काही दिवस मित्रेला पडद्यासमोर, सुलट बाजूला बसवायचे; पडदा शिकवीत असेल तर तो उजवेही शिकवील.

काय पाहिले आम्ही? पडद्यावर दरबार भरला, हत्ती आला, लढाई पेटली. ही बालिका आईच्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवीत बसली. पडद्यावरची बाई "ये गं बाळा" म्हणाली, सारा तंबू गहिवरला, ही ढिम्म. महादेवरावजी "ये" म्हणाले, तर धावत जाऊन तिने त्यांच्या मिशीला हात घातला! (कोणता हात, ते अध्यक्षांनी सांगावे.) जे चित्र आपल्याकडे वळून पाहत नाही, आपल्या 'बा'ला 'बा' म्हणत नाही, त्याच्यापासून दीड वर्षाचे लेकरू काय शिकणार?

तरीही पार्बताबाई बधेनात. भर तंबूत उभ्या राहून त्या गरजल्या, "माह्यं ध्यान हाय म्हणून बरं! नायतर पोरीचं वाटोळं झालं असतं!" आणि त्यांनी तर्जनी नाचवली.

ललिताबाईंच्या मांडीवरच्या मित्रेने तशीच भुवई चढवली, तसाच ओठ काढला, चिंधीत गुंडाळलेली मूठ तशीच नाचवली आणि म्हणाली, "बलं!"

"माय," ललिताबाई हळूच म्हणाल्या, "तुहा हात पाह्य ना."

पार्बताबाईंनी वर पाहिले. तर्जनी डाव्या हाताची होती!

"आत्याबाई," देवमन यांनी संधी साधली, "भाकर कोन्या हातानं थापता?"

तंबूत असा हशा उसळला, की बाहेरची बैले बुजली. 'बैले' नव्हे, बैल. पाहा, आनंदात माझेही अनेकवचन ढळते!

पार्बताबाई मात्र हसल्या नाहीत. खाली बसून म्हणाल्या, "जेवाले उजवाच हाय माहा. लहानपनी मायनं असीच चिंधी बांधली होती. लय रडली होती मी." आणि त्यांनी नातीची चिंधी सोडली. डाव्या हाताने.

गुण रक्तातून आला की मांडीवरून, ते वैद्यांनी ठरवावे. पडद्यावरून आला नाही, एवढे सिद्ध झाले. देवमन जिनात गेले नाहीत. अमरावतीला निघाले आहेत, आणि सासूबाईही सोबत निघाल्या आहेत.

अध्यक्ष महाराज, आता मित्रा आपणांस गुलाबाचे फूल देईल. कोणीही तिचा हात बदलू नये. आणि पार्बताबाई, जावयाला हार घालताना आपणही, जो हात आधी पुढे येईल, तो येऊ द्यावा.

आपण शांतपणे ऐकलेत, मी ऋणी आहे. व्याकरणाची एक चूक मी स्वतःच पकडली. बाकीच्या आपण पोटात घालाव्यात, ही विनंती.