पाटाचं पाणी आणि मथुरेची कादंबरी

वेळ सकाळी साडेसातची. स्थळ आमचं परसू. मिरचीचा वाफा ओला, अळू ओलं, पुढच्या खळ्यातली, म्हणजे अंगणातली, तुळस ओली. प्रेत नाही.

आणि तुम्हाला सांगतो, इथेच तो गिरगावातला प्रकाशक अडला. पहिलंच पान वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "छान आहे हो, पण खून कुठाय?" मी म्हटलं, अरे, रहस्यकथा आहे ना, रहस्य आहे ना त्यात? "ते आहे, पण डिटेक्टिव्हच्या हातात खुरपं आहे. वाचकाला पिस्तूल लागतं." वाचकाला! आमच्या गावात या बाईच्या वह्या घरोघर फिरतात, परत येतात तेव्हा पानांवर हळदीचे डाग असतात, कारण बायका एका हाताने वाटण वाटत दुसऱ्या हाताने पान उलटतात. तुझ्या पिस्तुलवाल्या कादंबरीवर कुणी हळद सांडलीय?

बाई म्हणजे आमची मंडळी, मथुरा. तीन कादंबऱ्या लिहिल्यात. एकीत पानवेल चोरीला जाते, एकीत जायफळाचं झाड एकाएकी वाळतं, आणि ही तिसरी. ही तर घडलेली, मी डोळ्यांनी पाहिलेली. मी मुंबईच्या पेपरचा बातमीदार, बी.ए., दोन कलेक्टरांशी आणि एका मंत्र्याशी भांडलेला, उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही. पण खून हवा म्हणे यांना.

तर एकसष्ट साल. आचऱ्याची गावपळण तुम्ही ऐकून असाल, आमच्या गावचीही तशीच. देवाचा कौल झाला की गाव सोडायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, पाळण्यातलं पोर, सगळ्यांनी वेशीबाहेर रानात झोपड्या बांधून राहायचं, तीन दिवस गावात चूल पेटायची नाही, केरसुणी फिरायची नाही, गाव देवाचा आणि त्याच्या देवचाराचा. तो देवचार, राखणदार, हातात काठी घेऊन मोकळ्या गावातून फिरतो म्हणतात. मग परत कौल, नगारा, आणि सगळे घरी.

आम्ही परतलो तर गावभर भाजी करपलेली, मिरच्यांनी माना टाकलेल्या, आणि आमचा वाफा बघावा तर न्हाऊन बसलेल्या नवरीसारखा. झालं. कुंपणापलीकडून दाजी. दाजी म्हणजे गावचे मानकरी, पळणीचे नियम सांगणारे तेच, मोडणाऱ्याला फाडून खाणारेही तेच.

"मथुरा, ह्या काय गो? सगळ्यांचो भाजीपालो करपलो आणि तुझोच कसो हिरवोगार?"

"तोच इचार करतंय, दाजीनू."

"इचार कसलो? पळण मोडलंस तू. आता कौल घेवक होयो, आणि देव म्हणालो तर सगळ्या गावान परत भायर पडाक होया."

परत! शेजारच्या राधाबाई तिथेच मटकन बसल्या. "परत रानात? माझी म्हस गाभण आसा, ती काय आता चलाची नाय. आणि कोंबयेन थंय अंडी खंय घातल्यान ता माका अजून मेळूक नाय." पाहता पाहता निम्मा गाव आमच्या परसात, आणि प्रत्येकजण मथुरेकडे असा बघतोय की तिनेच आपलं अंथरूण पुन्हा डोक्यावर दिलंय. देव म्हणाला असता तर गाव गेलाच असता, पण या बाईला जन्मभर पाणवठ्यावर कुणी वाट दिली नसती.

"देवळात जमा," ती म्हणाली, "मी येतंय."

मी काय केलं? मी भिंग काढलं. कॉलेजात असल्यापासूनचं. मातीत पावलं शोधत वाकलो, दोन ठसे सापडले, केवढा आनंद झाला, तर ती म्हणाली, "ते तुमचे. वाफ्यातसून भायर या."

आणि निघाली ओल्या मातीच्या मागोमाग. तुम्हाला सांगतो, ती विहिरीकडे गेलीच नाही, दोर नुसता लांबून पाहिला, कोरडा होता. ओल वर चालली होती, पाटातून, कुंपणाखालून, थेट दाजींच्या बागेत. वरच्या अंगाला त्यांची विहीर. शिंपून झालं की पाटाचं तोंड चिखल लावून बंद करायचं असतं, नाहीतर उरलेलं पाणी उतरतं आमच्याकडे. तोंड उघडं होतं. पण दाजींची बाग कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, "हय कोणी झाडल्यान?"

सगळ्या गावात तीन दिवसांचा पाचोळा पसरलेला, आणि दाजींच्या एका कलमाभोवती जमीन स्वच्छ, सगळा पातेरा बुंध्याशी गुडघाभर रचलेला. हापूसचं कलम, मिठबावहून डोक्यावरून आणलेलं, ज्याला दाजी स्वतःच्या नातवापेक्षा जपायचे. तिने पातेऱ्यात हात घातला. वर कुरकुरीत, खाली चिखल.

मी वही काढली. "मानकऱ्यानेच पळण मोडली," मथळा तयार, पहिलं पान!

"छापलात तर जेवक मिळाचा नाय," ती म्हणाली. "दाजींचा नाव घेतला तरी पळण मोडलीच ना? गाव परत रानातच जातलो."

कळतंय का तुम्हाला? गुन्हेगार धरला तर गाव बुडतो! असा पेच आहे का तुमच्या पिस्तुलवाल्याकडे? खून हवा म्हणे यांना.

देवळात ती उभी राहिली, पदर खोचला. "मी पाणी घालूक नाय. देवचार इल्लो. दाजींच्या कलमाक त्यानच पाणी घातल्यान, उरला ता माझ्या मिरच्येक इला. खोटा वाटता तर पातेरो बाजूक करून बघा. देवान दाजींचा कलम राखल्यान, आणि दाजी माका बोल लावतत."

दाजी खांबाकडे बघत राहिले. सगळा गाव दाजींकडे.

"देवचारच तो," दाजी शेवटी म्हणाले. "माका सपनात दिसलो."

"तरीच," राधाबाई म्हणाल्या, "काठयेचो आवाज माकाय इल्लो." रानात, एवढ्या लांब! पण कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांना सगळं कळलं, आणि जो तो घरी जाऊन चूल पेटवायला लागला. माझी बायको आहे ही. छाती फुगते हो सांगताना.

आणि प्रकाशक? शेवटचं पान वाचून म्हणतो, "गुन्हेगार सापडतो, पण पकडला जात नाही. शेवट कच्चा आहे." मी टेबलावरची वही उचलली आणि त्याला जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण शेवट कच्चा आहे हे खरंच, तो त्याला कळला नाही इतकंच. पुढे महिन्याभराने दाजी कुंपणाशी आले, भलतीकडे बघत म्हणाले, "कलम जगला गो."

"बरा झाला," मथुरा म्हणाली. "आणि माझ्या तुळशीक पाणी घातलात, ता लक्षात ठेवलंय."

"तुळशीक? मी तुमच्या खळ्यात पाय ठेवूक नाय. देवाशपथ."

खळं पाटापेक्षा पुरुषभर उंच आहे. पाणी चढत नाही. आणि तुळशीची माती त्या सकाळी ओली होती, मी स्वतः हात लावून पाहिली होती.