नंदी सरकला त्याची नोंद

"...आणि रस्त्याच्या मधोमध नीलम्माचं घर, आता ते जाणारच!"

एवढंच ऐकू आलं हो मला, एवढंच! नीलम्मा म्हणजे मीच. समोरची सुंदरम्मा नळावर कुणाला तरी सांगायली होती, आणि नेमकी तेव्हाच माझ्या कुकरची शिट्टी झाली! दुसऱ्याच्या घराचं असतं तर अर्धं ऐकून पुढचं मी पुरं केलं असतं की, पण स्वतःच्या घराचं अर्धं कसं गिळायचं? पिठाचे हात तसेच घेऊन पळाले. "काय गं, कुठं जाणार माझं घर?"

"अय्यो, तुला म्हाईत न्हाई व्हय? रस्ता रुंद व्हायलाय की! त्यांच्या नकाशात तुझं सैपाकघर रस्त्यावर हाय. गुरुवारपतोर हरकत घ्या म्हणत्यात."

गुरुवार! आणि तो सोमवार! आमचे हे तर पाण्याचा तांब्याच घेऊन बसले. मामंजींनी बांधलेलं घर, त्यावर ह्यांनी चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं उभं राहून टाकलेला स्लॅब... "नकाशा चुकतो होय?" म्हणायचे, पाणी प्यायचे, पुन्हा तेच म्हणायचे. मी म्हटलं, बसा तुम्ही पाणी पीत, मी चालले बुद्धप्रियाकडं!

बुद्धप्रिया म्हणजे मागच्या मुक्ताबाईची लेक, जुन्या नकाशांच्या ऑफिसात कामाला आहे. कापडावरचे, पिवळे पडलेले नकाशे तिथं स्कॅन करून कंप्युटरात जपतात. आता जपायचं म्हणजे नुसतं कोंबायचं नाही हो, तुम्हाला सांगते, एकेका नकाशामागं ही पोरगी पानभर लिहीत बसते! कुणी काढला, कधी काढला, कुठल्या मापात काढला, इथं येईपर्यंत कुणाच्या कपाटात होता, स्कॅन कुठल्या मशीनवर झाला, नक्कल कुणी नेली, नकलेत काय हलवलं... मेटाडेटा म्हणतात त्याला. मी म्हटलं, अगं, सोयरीक जुळवताना मुलाची अशीच चौकशी करते की मी! मी केली तर गल्ली नाक मुरडते, आणि तुला त्याचा पगार मिळतो?

पण त्या दिवशी हसायला तोंड कुठलं? पोरीनं फाईल उघडली, आणि देवाशपथ सांगते, घर वाचलं ते पोरीनं लिहून ठेवलं होतं म्हणून!

झालं होतं काय, रस्तावाल्यांनी जुन्या नकाशाची नक्कल नेऊन आकाशातनं काढलेल्या आजच्या फोटोवर बसवली होती. बसवायची कशी? तर दोन्हीकडं दिसणारी एखादी खूण धरायची आणि टाचणी मारायची. आता कुणी कशावर टाचणी मारली हे कोण लक्षात ठेवतंय? पण हिनं नक्कल देतानाच दरडावलेलं, "काय हलवलं ते कळवा, नाहीतर पुढचा नकाशा मागू नका." त्यांनी कळवलेलं, हिनं उतरवलेलं. वाचून दाखवायली, "पहिली खूण, विहीर. दुसरी, शाळेचा कोपरा. तिसरी, दगडी नंदी."

मी ओरडले, "थांब! नंदी? अगं, हा नंदी आत्ता आहे तिथं पूर्वी नव्हताच!"

"नव्हता म्हणजे? काकू, दगडाचा आहे तो."

"दगडाचा असला म्हणून काय झालं? मामंजींनी सरकवला की!" आणि मग मी सुरू झाले. माझं लग्न पंच्याण्णव सालचं. वरातीची गाडी गल्लीत वळेना, कारण नंदी बरोब्बर मधे बसलेला! बँडवाले घामाघूम, मी गाडीत मुंडावळ्या सावरत बसलेली, आणि आमचे मामंजी मडिवाळप्पा, म्हणजे काय साधा माणूस! नारळ फोडला, नंदीच्या पाया पडले, आठ माणसं लावली आणि देव उचलून बारा फूट अलीकडं, आमच्या दाराशी! गेल्या तीस वर्षांत कुणी कुठं लिहिलं नाही. देवाची बदली झाली तर कळवायचं कुणाला?

पोरगी कपाळाला हात लावून हसायली. "काकू, नकाशातला नंदी जुन्या जागी, फोटोतला तुमच्या दाराशी! नंदीबरोबर अख्खा नकाशा तुमच्या सैपाकघरात शिरला!"

मूळ स्कॅन तिनं बोटही न लावता जपून ठेवलेला. तो काढला, नंदी सोडला, विहीर आणि शाळा धरून नकाशा पुन्हा बसवला... आणि घर रस्त्यातनं बाहेर! मी रडायलेच. माझ्या अल्बममधला नंदी उचलतानाचा फोटो तिनं नोंदीला जोडला आणि खाली लिहिलं, "माहिती देणार: नीलम्मा, शेजारीण." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चौकशीखाली कुणी माझं नाव घातलं हो! बुधवारी ती नोंद जोडून हरकत दिली, पुढच्या आठवड्यात साहेब टेप घेऊन आले, मोजलं, मान्य केलं. मी गल्लीभर शेंगापोळ्या वाटायला घेतल्या. पोरीनं लिहून ठेवलं होतं म्हणून!

पण साहेब जाता जाता दारात थबकले. नोंदीचा कागद वर केला, चष्मा खाली केला. "बाई, हे तुम्हीच सांगितलंय ना? 'नंदी दाराशी आणला आणि त्याच्या शेजारी, रस्त्याच्या जागेत, मामंजींनी ओटा बांधला'?"

आता सुरू झाल्यावर मी थांबते होय? सगळंच सांगितलं होतं! आणि पोरीनं सगळंच लिहून ठेवलं होतं!

समोरनं सुंदरम्मा ओरडली, "बघ! मी म्हणलं नव्हतं जाणार म्हणून?" घर राहिलं, ओटा गेला. गल्लीतलं आलं-गेलं बघायची माझी तीस वर्षांची जागा! बुद्धप्रियाकडं गेले, म्हटलं, बाई गं, उपकार फिटणार नाहीत तुझे, पण ओट्याची तेवढी ओळ खोडतेस का? तर म्हणते, "काकू, आमच्याकडं खोडत नाहीत, खाली नवीन ओळ लिहितात."

बरं, म्हटलं, मग लिही बाई: ओटा गेल्यापासून नीलम्मा खिडकीत बसते. दिसतं सगळं. ऐकू जरा कमी येतं.