देवजीला सांगितलेली गाठ

(नेरूळच्या एका खासगी रुग्णालयातली खोली, सकाळचे नऊ. करावे गावचे गोटीराम रुग्णालयाचा अंगरखा फेकून स्वतःचा शर्ट घालायला लागलेत. समोर उभी आहे त्यांनी लहानाची मोठी केलेली पुतणी, याच रुग्णालयात सीटी मशीन चालवणारी उन्नती.)

उन्नती : तात्या, शर्ट काढा तो. बारा वाजता ऑपरेशन आहे.

गोटीराम : बारा वाजता मी घरी भात खात बसलेला असन. चप्पल दे माजी.

उन्नती : हाताला सुई आहे. खेचाल तर रक्त येईल.

गोटीराम : येऊ दे. दोन महिने खालून येतंय, त्याचा काय केलांव?

उन्नती : त्याचंच तर करतोय ना! आतड्यात गाठ आहे. चरबीची. साधी. अजून किती वेळा सांगू?

गोटीराम : बग. परत तेच. चरबीची गाठ, साधी. एक शबूद पन इकडचा तिकडं नाय केलांव.

उन्नती : म्हणजे काय?

गोटीराम : काय नाय. चप्पल दे.

उन्नती : या मॅडम, बरं झालं आलात. हे बघा, घरी निघालेत.

डॉक्टर : निघालात काका? जा की. पण कुठे काय आहे ते ऐकून जा. शर्टाचा एक हात राहिलाय तुमचा, तो तसाच धरा. बाही घाईत ओढली की अर्धी आत जाते, उलटी होते. हो ना?

गोटीराम : व्हते.

डॉक्टर : तुमच्या मोठ्या आतड्याचं तसंच झालंय. गाठ आहे मोठ्या लिंबाएवढी, आत लोंबणारी. आतड्याला वाटतं, अन्नच आहे, म्हणून ते तिला पुढे ढकलतं आणि तिच्यामागे स्वतःच आत शिरतं. तेव्हा तुम्हाला कळ येते. मग सुटतं, तुम्हाला वाटतं बरं झालं. तीनदा सुटलं. चौथ्यांदा नाही सुटलं तर आतडं काळं पडेल, आणि मग माझ्याही हातात फार काही राहणार नाही.

गोटीराम : ती नली घातलीत, कॅमेऱ्याची. तवाच का नाय काडली मंग?

डॉक्टर : लहान असती तर तारेचा फासा टाकून, बुडाशी जाळून तेव्हाच काढली असती. हिचं बूड रुंद आहे. तिथे जाळायला गेले तर आतड्याला भोक पडेल. त्यापेक्षा तेवढा तुकडा काढायचा आणि दोन टोकं जोडायची.

गोटीराम : चाकू लागला का पसरतो तो.

डॉक्टर : कोण तो?

गोटीराम : तुमाला ठाव हाय.

डॉक्टर : काका, कॅन्सर वाटत नाही हा. कॅमेऱ्यात पिवळी, गुळगुळीत दिसली. चिमट्याने दाबली तर उशीसारखी दबली आणि परत फुगली. सीटीत चरबी काळी दिसते, तशीच ही काळी आलीय.

उन्नती : सीटीच्या मशीनवर मीच होते तात्या. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

गोटीराम : तू व्हतीस म्हनूनच. डाक्तर, शंभर टक्के सांगा.

डॉक्टर : शंभर नाही सांगणार. काढलेली गाठ तपासायला जाईल. तो रिपोर्ट येईपर्यंत मी नव्याण्णव म्हणेन. मी बाहेर आहे. अर्ध्या तासात काय ते ठरवा, नाहीतर थिएटर दुसऱ्या पेशंटला द्यावं लागेल.

गोटीराम : ...जेली?

उन्नती : गेल्या. तात्या, टेन्शन कसलं आहे ते तरी सांगा. ऑपरेशनला घाबरणारे तुमी नाय.

गोटीराम : परवा तुज्या काकीनं जिताडा मासा केलता. एवडा मोटा तुकडा माज्या ताटात. सनाशिवाय कवा करते का ती?

उन्नती : तुमाला आवडतो म्हणून केला.

गोटीराम : केतन पाय चेपत बसला. पोटचा पोर, जल्मात कवा माज्या पायाला हात लावला नाय. आनि काल तू नि डाक्तरीन बाहेर जेलांव, दार लोटून. काय बोललांव?

उन्नती : रक्ताची बाटली तयार ठेवायची का, ते विचारत होते.

गोटीराम : आमी पन असंच बाहेर जायाचो. दार लोटून.

उन्नती : कोण आमी?

गोटीराम : मी नि तुजी काकी. तुजा बाप आत असायचा. देवजीला पन आमी जिताडा घातलेला, गो. याच खाटेसारक्या खाटेवर बसला व्हता. बोलला, दादा, काय बोलला डाक्तर? मी बोललो, चरबीची गाठ हाय. साधी. शंभर टक्के.

उन्नती : तात्या...

गोटीराम : बोलू दे. डाक्तरनं मना कँसर सांगलेला. मी आख्ख्या घराला शपत घातली, कोन त्याच्या म्होरं तोंड उघडायचा नाय. मना वाटलं, जेवडे दीस हायत तेवडे सुखानं जाऊ दे त्याचे. तो हसला नि बोलला, मंग पावसाच्या आदी होडीला डांबर लावून घेऊ. चार महिन्यांत जेला. आथा तुमी माज्या म्होरं उभी राहून चरबीची गाठ बोलतांव. मी कसा मानू? खोटा बोलायला मीच शिकवला तुमाला.

उन्नती : बाबांना माहीत होतं.

गोटीराम : नाय. काय बोलतेस? नाय.

उन्नती : होतं. मी सहावीत होते. तुमी कपाटावर ठेवलेली फाईल त्यांनी काढली. इंग्लिश होती, म्हणून मला बोलले, वाच. मी वाचली. एक मोठा शब्द होता, मला पण कळला नाय. तो बाबांनी मला वहीत लिहून घ्यायला लावला आणि बोलले, शाळेत बाईंना विचारून ये.

गोटीराम : मंग?

उन्नती : बाईंनी विचारलं, कुठून आणलास हा शब्द? मी बोलले, बाबांच्या कागदावर होता. अर्थ काय सांगितला नाय त्यांनी. मधल्या सुट्टीत मला जवळ घेऊन बसल्या, स्वतःच्या डब्यातलं भरवलं. घरी येऊन मी बाबांना तेवढंच सांगितलं. बाईंनी जवळ घेतलं, डबा दिला. बाबा बोलले, बस, कळलं.

गोटीराम : तो हसलेला गो. होडीचा बोललेला.

उन्नती : तुमच्यासाठी हसायचे. मला बोलले, तात्याला सांगू नको. मला काय कळलं नाय असं त्याला वाटू दे, तेवढ्याच आधारावर उभा आहे तो.

गोटीराम : पंधरा वर्सं तू बोलली नायस.

उन्नती : त्यांचं वचन होतं. आज मोडलं. रात्री बाबा माझा हात घट्ट धरून झोपायचे. भीती वाटायची त्यांना, पण बोलणार कुणाशी? सगळं घर त्यांच्यासमोर हसत होतं. मी ते बघितलंय तात्या. तुमच्याशी खोटं बोलेन मी? कॅन्सर असता ना, तर इथंच बसून रडत रडत सांगितलं असतं तुमाला.

गोटीराम : ...देवजी. एकटाच जेला रं तू. मी बाजूला बसलेला असून.

उन्नती : ऑपरेशनच्या आधी पाणी देऊ नाय शकत. तोंड पुसा.

गोटीराम : माजा कागद कुटं हाय?

उन्नती : फाईलमध्ये. मराठीत समजावून सांगते...

गोटीराम : नको. हाय तसा वाच. त्याला वाचलास तसा. कललं नाय तरी चालंल, तुज्या तोंडातून ऐकायचा हाय.

उन्नती : सगळा?

गोटीराम : सगला. ती एक टक्क्याची ओल लिवली असंल ती पन.

उन्नती : वाचते. पण आधी मॅडमना हो सांगू का? वेळ जातोय.

गोटीराम : सांग. आनि ही बाही काडाया हात लाव, सुईत अडकलीय... उन्नती.

उन्नती : काय?

गोटीराम : मना भीती वाटते गो.

उन्नती : मला पण, तात्या.